दादरकर, मुक्काम डोंबिवली

भाऊमामा डोंबिवलीला राहतात. पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर, भरपूर उजेडाच्या ब्लॉकमध्ये. आधारकार्डावर डोंबिवली, रेशनकार्डावर डोंबिवली, मतदान डोंबिवलीत. मुलं तिथेच शिकली, त्यांची लग्नंही तिथल्याच हॉलमध्ये लागली. पण प्रवासात समोरच्याने "आपण कुठले?" असं विचारलं की मामा पटकन सांगतात, "दादर." मामी शेजारी असल्या तर खिडकीबाहेर बघत पुस्ती जोडतात, "सध्या डोंबिवली. गेली पस्तीस वर्षं सध्याच."

ही जमात एकट्या दादरची नाही. गिरगावातून बोरिवलीला गेलेल्यांची एक शाखा आहे. ती पाडव्याच्या शोभायात्रेला फेटा बांधून गिरगावात हजर असते. पुण्यात सदाशिव पेठेतून कोथरूडला गेलेले आहेत. त्यांना सुईदोराही तुळशीबागेतलाच लागतो. तुमच्या घरातही असा एकजण असेलच. नसेल, तर बहुधा तो तुम्हीच.

मामांचं लहानपण गोखले रोडच्या आतल्या बाजूच्या एका चाळीत गेलं. दीड खोली, आठ माणसं आणि गॅलरीत झोपायला येणारा कोणीतरी गाववाला. ती खोली मामांनी स्वतःच्या सहीने, रीतसर पैसे घेऊन सोडली आणि त्याबद्दल त्यांना काडीची हळहळ नाही. "पागडीची खोली ती. नळ पहाटे चारला, संडास कॉमन. काय गाणी गायची त्याची?" असं ते स्वच्छ सांगतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की खोलीच्या कागदांत बाजाराचा कुठेही उल्लेख नव्हता. त्यामुळे बाजार अजून त्यांच्याकडेच आहे.

त्याचा ताबा घ्यायला ते दर शनिवारी दादरला जातात. त्यासाठी कारण लागतं, आणि कारण शोधण्याचं काम शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर सुरू होतं. मामा स्वयंपाकघरात जाऊन डबे हलवून बघतात.

"हिंग संपत आलाय वाटतं."

"परवाच आणलात."

"खोबऱ्याचा कीस?"

"अहो, फडके रोडला मिळतो."

'फडके रोडला मिळतो' हे मामींचं ठेवणीतलं वाक्य. ते खरंही आहे. डोंबिवलीत काय मिळत नाही? पण खऱ्या गोष्टीने मामांचं कधीच समाधान होत नाही. त्यांचा खरा आनंद म्हणजे घरात काहीतरी मोडणं. छत्रीची काडी, पर्सची चेन, चष्म्याचा दांडा, मिक्सरचं वॉशर. दुरुस्तीच्या वस्तूसारखी वस्तू नाही, कारण ती एका शनिवारी टाकायला जावं लागतं आणि पुढच्या शनिवारी आणायला. नातवाच्या दप्तराचा बंद तुटला तेव्हा मामांचा चेहरा इतका उजळला, की सुनेला संशय आला.

बरोबर एक कापडी पिशवी असते. कधीकाळी बंद पडलेल्या एका साडीच्या दुकानाचं नाव तिच्यावर अजून अर्धं वाचता येतं. त्या पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात तिसरी आणि तिसरीत घड्या घालून ठेवलेल्या प्लास्टिकच्या, 'ओल्या वस्तूंसाठी'. घरी येताना बहुतेक वेळा पहिल्या पिशवीत फक्त उरलेल्या पिशव्याच असतात.

दादर स्टेशनवर उतरल्या उतरल्या पहिला वाद रेल्वेशी. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने दादरच्या फलाटांना सलग नंबर दिले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेच्या १ नंबरचा ८ झाला, ३ चा ९, असं करत गाडी १४ वर थांबली. मध्य रेल्वेचा जुना २ नंबर तर शेजारचा फलाट रुंद करताना नाहीसाच झाला. एकाच स्टेशनात दोन-दोन 'तीन नंबर' असल्यामुळे लोकांचे गोंधळ व्हायचे, म्हणून हा बदल. मामांना गोंधळ मान्य नाही. "ज्याला कळत नाही त्याने दादरला उतरू नये," हे त्यांचं मत. ते अजून जुनेच नंबर वापरतात आणि, खरा धोका इथे आहे, दुसऱ्यांनाही सांगतात. मागे एका बाईंना त्यांनी मध्य रेल्वेच्या गाडीसाठी मोठ्या आत्मविश्वासाने 'तीन नंबर' सांगितला. बाई पाटी वाचत बरोबर तीन नंबरवर पोचल्या आणि पश्चिम रेल्वेच्या गाड्या मोजत उभ्या राहिल्या.

स्टेशनपासून शिवाजी पार्कपर्यंत धडधाकट माणसाला चालत वीस मिनिटं पुरतात. मामांबरोबर सकाळी निघालात तर पार्क दुपारच्या उन्हात दिसतं. कारण 'दोनच मिनिटं डोकावू'. मामांच्या तोंडी हे वाक्य आलं की आपण खुशाल फोन काढून ऑफिसची मेलं वाचायला घ्यावीत.

पहिलं डोकावणं फुलबाजारात. तिथे ते काहीही घेत नाहीत, भाव मात्र सगळ्याचा विचारतात. झेंडू कसा, शेवंती कशी, निशिगंध आज एवढा का चढलाय, लग्नाची तिथ आहे का? मग एकाचा भाव दुसऱ्याला जाऊन सांगतात. "पलीकडे वीस रुपयांनी कमी आहे हं शेवंती."

"मग पलीकडेच घ्या ना काका."

"घ्यायचीय कोणाला?"

फुलवाल्या मावशी यावर चिडत नाहीत, याचं मला आधी नवल वाटायचं. नंतर कळलं, त्याही मामांकडून पलीकडचा भाव काढून घेतात.

मामांचं दादर दोन थरांचं आहे. वरचा थर तुम्हाआम्हाला दिसतो, खालचा फक्त त्यांना. पत्ता सांगताना ते खालच्या थरातलाच सांगतात. "कोहिनूर टॉकीजपाशी ये, तिथून मी तुला घेतो." कोहिनूर केव्हाच गेलं. तरीही त्या नावापुढे त्यांना दम खावा लागतो, कारण १९७१ साली 'सोंगाड्या'चं तिथलं बुकिंग मोडून देव आनंदचा सिनेमा लावायचं घाटत होतं, दादा कोंडके बाळासाहेबांकडे गेले आणि शेवटी 'सोंगाड्या'च लागला, ही हकिगत सांगितल्याशिवाय ते पुढची गल्ली ओलांडत नाहीत. तुम्ही भर गर्दीत उभे, खांद्याला खांदे घासतायत, कोणी 'शंभरला तीन, शंभरला तीन' कानात ओरडतोय आणि मामा रस्त्याच्या मधोमध दादा कोंडक्यांची नाडी लोंबवून दाखवतायत.

दुकानांबद्दल त्यांचा एक सिद्धांत आहे. चांगलं दुकान आत असतं. "बाहेरची दुकानं गिऱ्हाइकांसाठी, आतली माणसांसाठी." त्यामुळे रानडे रोडवर दर्शनी जो काही लखलखाट आहे तो मामांच्या लेखी नाहीच. ते कुठल्या तरी दोन दुकानांच्या फटीत शिरतात, आपण मागून. एक जिना, जिन्याखाली स्टोव्ह दुरुस्त करणारा, पलीकडे चौक, चौकात मांजर, मांजरामागे दार, दाराआत एक आजोबा आणि भिंतभर बटणांच्या बरण्या. गंमत अशी, की वस्तू खरंच चांगली निघते. माझ्या बायकोच्या एका जुन्या कोटाचं हरवलेलं बटण, जे कंपनीच्या बापाला मिळालं नसतं, ते त्या आजोबांनी बरणीत हात घालून न बघता काढलं. पाच रुपये. मामांनी चार करा म्हटलं.

भाव करणं हा त्यांचा स्वभावच आहे, त्यात पैशाचा संबंध नाही. 'एकच भाव' अशी पाटी असेल तिथे तर ते विशेष खुलतात. पाटीकडे बोट दाखवून विचारतात, "हा एकच म्हणजे कुठला?" गल्ल्यावर तरुण मुलगा असला की पुढची चाल ठरलेली. "तुझे वडील बसायचे इथे. काळी टोपी. त्यांनी मला कधी पूर्ण भाव लावला नाही." त्या मुलाचे वडील टोपी घालायचे का, की हे दुकान त्याने गेल्या वर्षी तिसऱ्याच कोणाकडून घेतलंय, हे बघत बसायला मामांना वेळ नसतो. बरेचदा मुलगा दहा रुपये सोडतो. वडिलांवरून हुज्जत कोण घालणार?

घरात लग्न निघालं की मात्र मामांचे दिवस येतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी तिने आधीच जाहीर केलं होतं की सगळं ऑनलाइन मागवायचं, पायपीट नाही. मामांनी शांतपणे विचारलं, "मुंडावळ्या?" तिने फोनवर दाखवल्या. मामांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला. "या मोत्यांना वजन आहे का? मंगलाष्टकं संपेपर्यंत कपाळावर राहणारेत, की अंतरपाट निघायच्या आत नवऱ्याच्या ताटात?" तिथून जे सुरू झालं ते थेट बस्त्यापर्यंत गेलं. आई, मावशी, मामी, बहीण आणि ओझी उचलायला मी, असा तांडा मामांनी दादरभर फिरवला. साडीच्या दुकानात गादीवर बसून त्यांनी पहिल्या तासात कशालाही पसंती दिली नाही. "आत्ता दाखवतात ते घ्यायचं नसतं. हे दमले की मग खरा माल काढतात." दुकानातला माणूस हे ऐकत होता. त्याने हसून चहा मागवला आणि चहाबरोबर खरोखरच आतला गठ्ठा आला. शालू त्यातलाच घेतला. बहीण अजून तो अभिमानाने दाखवते आणि कोणी विचारलं तर म्हणते, "आतल्या दुकानातून." संसर्गच म्हणायचा.

त्याच दिवशीची एक गोष्ट मामांना सांगितलेली आवडत नाही. परतताना रस्त्यावर गाऊन विकणाऱ्या एका बाईपाशी मामी थांबल्या. मामा म्हणाले, रस्त्यावरचं नको. एवढ्यात कुठून तरी शिट्टी आली, 'गाडी आली, गाडी आली' असा पुकार झाला आणि डोळ्यादेखत रस्ता रिकामा. पालिकेची गाडी येते तेव्हा रानडे रोड कसा आवरला जातो हे एकदा बघण्यासारखं आहे. चारी टोकं उचलली की चादरीचं गाठोडं, गाठोडं डोक्यावर, माणूस गल्लीत. त्या बाईंची दोन गाठोडी होती. एक त्यांनी डोक्यावर घेतलं, दुसरं मामांच्या हातात कोंबलं आणि "काका, जरा धरा" म्हणत दिसेनाशा झाल्या. गाडी शेजारून गेली. आतल्या माणसाने मामांकडे निरखून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा आणि छातीशी पन्नासेक फुलाफुलांचे गाऊन. मामा ताठ मानेने म्हणाले, "घरचे आहेत." गाडी गेल्यावर बाई परत आल्या आणि त्यांनी मामींना एक गाऊन अर्ध्या किमतीत दिला. आता त्या बाई रस्त्यावरच्या राहिल्या नाहीत. 'आपल्या ओळखीच्या' झाल्या.

खाण्यावर आलो नाही तर मामा रागावतील. १९६६ साली अशोक वैद्यांनी दादर स्टेशनबाहेर वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, तेव्हा मामा प्राथमिक शाळेत होते. पहिला वडापाव आपण खाल्ला असा त्यांचा दावा नाही, ते खोटं बोलत नाहीत. "पहिल्या महिन्यातला असेल," एवढंच म्हणतात. मामा काण्यांच्या उपाहारगृहाचा उल्लेख निघाला की '१९१०' हा आकडा ते स्वतःच्या जन्मसालाच्या थाटात सांगतात. 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमधल्या कुठल्याशा पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं, त्याचा मात्र त्यांना उलट रागच आहे. त्यानंतर रांग वाढली. "लंडनला कळायच्या आधी बसायला जागा मिळायची."

आणि छबिलदास. सत्तरच्या दशकात छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं व्हायची, आज मोठी झालेली कित्येक मंडळी तिथे घडली. 'छबिलदास चळवळ' म्हणून तिच्यावर पुस्तकं निघाली. "मी छबिलदासला नेहमी जायचो," असं मामा म्हणाले, की नाटकवेडी माणसं आदराने खुर्ची पुढे सरकवतात. एकदा माझ्या एका मित्राने, जो नाटकांवर लिहितो, वही काढून मुलाखतच सुरू केली. प्रेक्षक किती असायचे? वातावरण कसं असायचं? मामा भरभरून सांगत होते. गर्दी प्रचंड, घामाघूम, सगळे उभेच, आत गेलेला माणूस हात भाजल्याशिवाय बाहेर येत नसे. हात भाजल्यावर मित्राने पेन थांबवलं. मामा छबिलदास गल्लीतल्या श्रीकृष्णच्या बटाटेवड्याबद्दल बोलत होते. वरच्या हॉलमध्ये ते एकदाच गेले होते, आणि तेही पावसासाठी.

नाटकं पाहिली ती शिवाजी मंदिरात. अजूनही त्या दारावरून जाताना थांबून जाहिराती वाचतात, कोणाचा कितवा प्रयोग, हाउसफुल्लची पाटी लागलीय का. तिकीट काढतातच असं नाही. नंतर आयडियलमध्ये उभ्याने पुस्तकं चाळतात. तिथला मुलगा त्यांना स्टूल देतो. हे मात्र नोंदवून ठेवण्यासारखं आहे: स्टूल दिलं की मामा पुस्तक विकत घेतात. न दिलेल्या वेळी नाही.

शिवाजी पार्काच्या आसपास आता कॅफे झालेत. माझी मुलगी त्यांना हट्टाने एकात घेऊन गेली. आत थंडगार, भिंतींना मुद्दाम गिलावा नाही. मामांनी मेनू वाचला, किमतीचा कॉलम पुन्हा वाचला आणि ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलाला विचारलं, "इधर पहिले क्या था, मालूम है?"

"नहीं सर."

"गिरणी था. पीठ का. और सर नहीं, काका बोलो."

मुलगा झारखंडचा. कॅपुचिनो आणली, तिच्यावर दुधाचं पान काढलेलं. मामांनी ते मोडू नये म्हणून कडेकडेने पिण्याचा प्रयत्न केला. दोनशे ऐंशी रुपयांचं बिल बघून ते काही बोलले नाहीत, याची मुलीला धास्ती वाटली. पण पुढच्या शनिवारी ते एकटेच तिथे गेले. मुलाने 'नमस्ते काका' म्हटलं. छठसाठी त्याला आईला साडी पाठवायची होती, कुठून घ्यावी कळत नव्हतं. मामांनी त्याची सुट्टी होईपर्यंत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाट पाहिली आणि त्याला हाताशी धरून दादरभर फिरवून साडी घेऊन दिली. दर्शनी दुकानातून नाही, अर्थात. भाव करताना सांगितलं, "आमचा भाचा आहे." तेव्हापासून कॅफेचाही फेरीत समावेश झाला. कॉफी ते घेत नाहीत. डोकावतात.

मामींचा या सगळ्यावर एकच घाव आहे आणि तो त्या जपून वापरतात. थालीपिठाची भाजणी मामा दादरहूनच आणतात, एका ठरावीक दुकानातून. "ही भाजणी डोंबिवलीत मिळूच शकत नाही. हाताला चव लागते." पाहुण्यांपुढे थालीपीठं आली, लोण्याचा गोळा विरघळला, वाहवा झाली, मामांनी दुकानाचा आतला रस्ता समजावून सांगितला, की मामी रिकामं पाकीट आणून हळूच टेबलावर उलटं ठेवतात. मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं: उत्पादक, डोंबिवली (पूर्व).

मामा पाकीट वाचतात. चष्मा पुसून पुन्हा वाचतात. "दादरला जाऊन आल्यावर मुरते," असं म्हणून आणखी एक थालीपीठ वाढून घेतात.

परवा त्यांचा फोन आला. आमच्या कुकरची शिट्टी गेलीय हे त्यांना आईकडून कळलं होतं. मी म्हटलं, मामा, आम्ही मुलुंडला राहतो, बिल्डिंगखालीच भांड्यांचं दुकान आहे, शिट्ट्या बाहेर टांगलेल्या दिसतात मला खिडकीतून.

"टांगलेल्या?" मामा म्हणाले. "अरे, ओरिजिनल शिट्टी कोणी बाहेर टांगतं का?"

शनिवारी नऊ चौदाची गाडी धरायची ठरलंय. मधला डबा. उतरायचं तीन नंबरला, म्हणजे नऊला. बायकोने कुकर देऊ नका, नुसतं झाकण न्या असं सांगितलंय. मामांनी आख्खा कुकर आणायला सांगितलाय, दुकानदाराने 'बघतो' म्हटलं तर तिथेच टाकून येता येईल.